परत आलेला गठ्ठा

ट्रकमधून उतरवलेला चौथा गठ्ठा समोर आला आणि थोरल्या जावेच्या हातातली कात्री तशीच राहिली.

दोरीची गाठ तिचीच होती. प्लास्टिकच्या भंगारातून बाटल्या निवडायच्या आणि त्यांचे गठ्ठे बांधायचे, हे तिचं रोजचं काम. उजव्या अंगठ्याचं पेर मशीनमध्ये गेल्यापासून ती डाव्या हाताने उलटी गाठ मारायची. तशी गाठ कारखान्यात दुसरं कुणीच मारत नसे.

"अहो जाऊबाई, नांदायला पाठवलेली लेक परत आली की तुमची!" धाकटी जाऊ हसली.

थोरलीने दोरी कापली. बाटल्या घरंगळल्या. लेबलं खरवडलेली, बुचं काढलेली, धुऊन लख्ख. मधोमध एक पिवळा हातमोजा निघाला. अंगठा शिवून बंद केलेला. मागच्या वर्षी तिने तो दोन दिवस शोधला होता.

धाकटीचं हसू थांबलं.

"हे कुठून आणलंत?" थोरलीने ड्रायव्हरला विचारलं.

"तुमचा माल घेणाऱ्या पॅकिंगवाल्या कंपनीच्या गोदामातून. जागा रिकामी करायची होती त्यांना. लॉट विकला, तुमच्या मालकांनी न बघताच घेतला."

"पण याच्या तर नव्या बाटल्या झाल्या ना?"

दुकानात बाटली उचलली की ती आधी तळाशी छापलेलं हिरवं पान बघायची, जुन्या प्लास्टिकपासून बनवल्याची खूण. नातीला दाखवायची, 'ही माझ्या हाताखालून गेलेली बरं का.' नातीने ते शाळेतही सांगितलं होतं.

ड्रायव्हरने नजर चुकवली. "ताई, नवं प्लास्टिक जुन्यापेक्षा स्वस्त पडतं. जुनं वितळवत कोण बसतंय? त्यांना जुनं घेतल्याचा कागद हवा होता. तो मिळाला. हिरवं पान छापायला तेवढा पुरतो."

थोरली हातमोजा घेऊन थेट मालकाच्या खोलीत गेली आणि तो टेबलावर ठेवला. काय सांगायचं ते तिने एका दमात सांगितलं.

मालकाने हातमोजा उलटसुलट करून पाहिला. त्याचाही चेहरा उतरला होता. मग त्याने तो तिच्याकडे सरकवला.

"सगळे गठ्ठे निवडायच्या पट्ट्यावर घाला," तो म्हणाला.

"निवडलेलाच माल आहे तो."

"माहीत आहे. पुन्हा निवडा. पुन्हा कुणाला तरी कागद लागेलच."

पट्टा सुरू झाला. स्वच्छ बाटल्या एकामागून एक येऊ लागल्या. निवडणाऱ्या आठही जणी हात बांधून उभ्या होत्या. निवडायला त्यात होतं काय?

मग थोरलीचा हात पुढे झाला. तिने एक बाटली उचलली, नसलेलं बूच फिरवून काढलं आणि बाटली खाली ठेवली. दुसरी उचलली. तिसरी.

"जाऊबाई," धाकटी तिचं मनगट धरून म्हणाली, "अहो, थांबा ना."

बोटं फिरतच होती.