माहेरचा विस्तव

बटाटे शेतातच कुजले, आयर्लंडमध्ये माणसं उपाशी मरू लागली, म्हणून आम्ही कॅनडाच्या रानात आलो. दोन वर्षांनी तिकडूनच ओनोरा आली. कडाक्याची थंडी, तान्हं पोर गारठून निळं पडलेलं, तरी बाईनं नव्या झोपडीत अजून चूल पेटवली नव्हती. लोखंडी पातेलं घेऊन पोरासकट बर्फातून माझ्या दारात विस्तव मागायला आली. “घरात चकमक नाही का गं?” मी खेकसले. “चकमकीच्या विस्तवाला माहेर नसतं,” ती म्हणाली. “आजीच्या आजीपासून आमची चूल विझलेली नाही. बोटीवर विस्तव नेऊ देईनात, म्हणून शेजारणीच्या चुलीत ठेवून आले. तुझा तरी तिकडचाच ना?” माझी चूल परवाच चकमकीनं पेटवलेली. “शालीखाली लपवून आणला,” मी म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली. “बोटीत सात आठवडे?” “सात आठवडे.” तिनं पोराला छातीशी धरलं आणि पातेलं पुढं केलं.