कंबर कोणाची दुखते?

जुनाट दुखणी कशी तपासावीत, हे शिकायला जमलेल्या डॉक्टरांना मॅडमनी पडद्यावर कमरेचे दोन एक्स-रे दाखवले. एकातले मणके झिजून एकमेकांना टेकले होते. दुसरा अगदी स्वच्छ होता.

"यातल्या एकाला पाच मिनिटंही खुर्चीत बसवत नाही. कोणाला?"

"झिजलेल्याला," पहिल्या रांगेतला तरुण डॉक्टर म्हणाला. "हे काय, कोणीही सांगेल!"

"ते माझे वडील. रोज सकाळी बागेत कुदळ चालवतात."

कुजबुज झाली. तरुण डॉक्टर पडद्याजवळ जाऊन दुसरा फोटो निरखू लागला. "पण या कमरेत तर काहीच नाही."

"सगळे तिला हेच सांगतात. एकाने तर कशात तरी मन रमवा म्हणून सुनावलं."

"मग दुखतं कशानं?" त्याला आता राहवेना. "तिला भेटता येईल का?"

"भेटलाच आहात की. सकाळपासून मी उभ्यानंच शिकवतेय."

फोटो सोडून तो मॅडमकडे वळला. "मॅडम, पहिल्यांदा दुखलं, तेव्हा काय झालं होतं?"

"ते लांबलचक आहे."

"असू दे," म्हणत तो त्यांच्याशेजारी उभाच राहिला. "सांगा."