सहावा जोड

शहराच्या जुन्या फोटोंचा तो संग्रह लोकांच्या जिवावर चालायचा. खोली लाकूडवाल्याने दिलेली, कपाटं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, आणि काम करणारी पाचही माणसं बिनपगारी. फोटोंना उघडा हात लावायचा नाही, म्हणून प्रत्येकाचे पांढरे सुती हातमोजे. दर शनिवारी ते सगळे मोजे पाचांतल्या निवृत्त नर्सबाई धुवायच्या.

एका शनिवारी टोपलीत सहावा जोड निघाला, पार काळवंडलेला.

"मास्तर, नवीन कुणी यायला लागलंय का?" बाईंनी पाचांतल्याच मास्तरांना विचारलं.

"फुकट राबायला कोण येतंय, बाई? आपणच काय ते वेडे!"

बाईही हसल्या. पण पुढच्या शनिवारी तो जोड पुन्हा मळून आला. मग त्यांनी तो धुऊन कपाटात ठेवला आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

आठवड्याने कुलूप उघडलं, तर मोजे मळलेलेच. बाई चक्रावल्या. किल्ली तर पर्समधून हललीही नव्हती.

"हे काय मेलं नवीनच!" पुटपुटत त्यांनी एक मोजा टेबलावर टाकला. तो चपटा पडला. बोटं तेवढी दुमडलेली होती, ती सरळ करायला त्यांनी मोज्यात हात घातला.

मोजा चांगला ढगळ होता, तरी हात शिरेना.

आत जागाच नव्हती.