चांदणीचा कोन

हिंजवडीच्या एका कंपनीने आमच्या शाळेला कॉम्प्युटर दिला होता. आज्ञा टाइप केल्या की पडद्यावरचं कासव रेघ ओढत चालायचं, सांगू तितक्या अंशांच्या कोनात वळायचं. महिनाभरात त्याच्याकडून चांदणी काढून घेतली ती एकट्या भाग्यश्रीने, शाळा झाडणाऱ्या शालनच्या मुलीने. कंपनीचे साहेब बघायला आले त्या सकाळी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आज कॉम्प्युटरसमोर उत्कर्षाला बसवा. संस्थाध्यक्षांची नात आहे." "पण सर, चांदणी भाग्यश्रीची आहे." "पाहुण्यांना चांदणी बघायचीय, हजेरीपट नाही." मी भाग्यश्रीला उठवलं. पाहुण्यांसमोर उत्कर्षा कोनावर अडली. मलाही ऐनवेळी आकडा आठवेना. मी भिंतीपाशी उभ्या भाग्यश्रीकडे पाहिलं. "एकशे चव्वेचाळीस," ती हळूच म्हणाली. चांदणी पूर्ण झाली, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. पाहुणे गेल्यावर तिला म्हटलं, "ये, आता तू बस." "नको बाई," ती म्हणाली, "आईला खुर्च्या उचलायला मदत करायचीय."