भोंगा होईपर्यंत

“आनखी पाच,” म्हणत सूर्यभाननं काडेपेटीतल्या पाच काड्या पोत्यावर फेकल्या. समोर उपडी पडलेली आपली तीन पानं कसली आहेत, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. तीनपानीत तो पानं कधी बघायचाच नाही. कारखान्याच्या आवारात त्याचं नावच पडलं होतं, आंधळा सूर्यभान. भल्याभल्यांनी हातात राजा-राणी असताना त्याच्यापुढं पानं टाकून दिली होती. न बघता दणादण काड्या फेकणाऱ्या माणसाशी कोण डोकं लावणार?

सकाळपासून मिल बंद होती. कसलासा दांडा तुटला म्हणे. उसाच्या बैलगाड्यांची रांग जागच्या जागी अडली होती आणि गाडीवान गाड्यांच्या सावलीत पसरले होते. सूर्यभानची गाडी पार शेपटाला, समोर खेळायला बसलेल्या गहिनीनाथची तिसरी. पैशाचा खेळ वॉचमन होऊ देत नसे, म्हणून इथला खेळ चालायचा तो रांगेतल्या नंबरावर. सूर्यभान जिंकला तर गहिनीनाथचा तिसरा नंबर त्याचा. हरला तर त्याच्या बैलांची घुंगरमाळ गहिनीनाथची. मिल सुरू झाल्याचा भोंगा होईल तेव्हा ज्याच्यापुढं काड्या जास्त, तो जिंकला.

गहिनीनाथला, तरण्या गड्याला, घाई कसलीच नव्हती. घाई होती ती सूर्यभानला. आज संध्याकाळी कोल्हारला त्याच्या धाकट्या लेकीची, रुपालीची सुपारी फुटायची होती. पाहुणे पुणतांब्याहून येणार आणि शेवटच्या एसटीनं परतणार. थोरलीच्या सुपारीला हा बहाद्दर असाच पत्त्यांत रमून राहिला होता. काल गाडी जुंपताना रुपाली एवढंच म्हणाली, “आण्णा, माझ्या तरी सुपारीला या.” तेव्हापासून ते बोलणं त्याच्या काळजात सलत होतं. गाडी कुणाच्या हवाली करून जावं, तर इथं ज्याला त्याला आपल्याच बैलांचा घोर.

पानं वाटायला ऊसतोडीतली म्हातारी छबूबाई बसली होती. तिनं गहिनीनाथला हटकलं, “तू पानं बघितल्यात, तुला दुप्पट टाकाया लागतंय. धा काढ, न्हाईतर पॅक म्हन आन् पानं टाकून दे. म्हातारी व्हायची मी हितं.”

“थांब की मावशे जरा,” गहिनीनाथ म्हणाला. त्यानं पानं पुन्हा छातीशी धरून बघितली, कान खाजवला, तोंड उघडलं.

तेवढ्यात मिलमधली हातोड्याची ठकठक थांबली. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. काम झालं की काय? सूर्यभानच्या मनात आलं. म्हणजे हा शेवटचाच डाव? आणि ह्या डावात आपल्याकडं आहे तरी काय? जन्मात केलं नव्हतं ते त्यानं केलं. पानं उचलली.

नव्व्यांची जोडी आणि एक छक्की. पानं काही वाईट नव्हती. पण घटकाभरापूर्वी त्याला कशाची भीती नव्हती आणि आता गहिनीनाथच्या मुठीत त्याला एक्के दिसायला लागले. तो एकदा आपल्या पानांकडं, एकदा त्या मुठीकडं बघत राहिला.

गहिनीनाथनं मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग उघडलेलं तोंड मिटलं आणि दहा काड्या पोत्यावर ठेवल्या.

“आता तूबी डोळस झालास की रं सूर्यभाना,” छबूबाई म्हणाली. “टाक धा.”

दहा टाकल्या तर पुढ्यात दोन-चारच उरणार. सोडून दिलं तर पुढच्या डावाला काहीतरी बळ राहील. मिलमध्ये हातोडा पुन्हा ठकठकायला लागला होता. अजून वेळ आहे, सूर्यभाननं स्वतःची समजूत घातली. पुढच्या डावात भरून काढू.

“पॅक,” तो म्हणाला.

गहिनीनाथनं सगळ्या काड्या पुढ्यात ओढल्या. छबूबाई पानं गोळा करायला वाकली आणि भोंगा झाला. केवढा तरी लांबलचक भोंगा. गाडीवान हो-हो करत उठले, कुणी बैल उठवायला धावलं. छबूबाईनं मात्र आधी गहिनीनाथची पानं उलटली. सत्ती, चौकी, दुर्री. रंगसुद्धा एक नाही.

“आरं माझ्या कर्मा! ह्याच्यावर धा टाकल्यास व्हय रं?”

“पॅकच म्हननार हुतो, मावशे. तोंडात आलं हुतं,” गहिनीनाथ ओशाळून म्हणाला. “तेवढ्यात सूर्यभानतात्यांनी पानं उचलली. त्यांचं तोंड बघितलं आन् टाकल्या.”

छबूबाईनं सूर्यभानच्या हातातली पानं काढून घेतली. नव्व्यांची जोडी बघून तिनं ती पोत्यावर आपटली. “एवढी सालं खेळतोयस, कदी पानाला हात लावला न्हाईस. मंग आजच कशाला रं बघितलीस?”

पहिली गाडी ऊस टाकायला गव्हाणीकडं हलली होती. सूर्यभान तिच्याकडं बघत होता.

“रोजचं काय, मावशे, हरलो काय न् जिंकलो काय,” तो म्हणाला. “आज मला जायचं हुतं.”