उकंडाची लिंबोणी

"ओढतो का नाई, उकंड्या?" पंजाबराव पाटलानं धोतराचा सोगा नाकावर दाबून विचारलं.

उकंडा आपल्या लिंबोणीच्या बुडाशी आळं करत बसला होता. त्यानं खुरपं खाली ठेवलं आणि उभा राहिला.

"जयभीम, पाटील. नाई ओढत."

पाटलाच्या गोठ्यासमोर बैल मरून पडला होता, त्याला आज तिसरा दिवस. श्रावणातली दमट हवा. बैल फुगून टम्म झालेला, डोळ्यांत किडे वळवळत होते, आणि घाण तर अशी सुटलेली की अर्ध्या गावाच्या घशाखाली घास उतरेना. शी! पण हात लावायला एकही माईचा लाल तयार नव्हता. मेलं ढोर ओढायचं ते उकंडाच्या भावकीनं, हे आजा-पणजापासून ठरलेलं. ती सगळी मंडळी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली, त्यालाही हा दुसरा पावसाळा. ढोर ओढणं सोडलं ते सोडलं. गावाला मात्र अजून वाटत होतं, आज ना उद्या येतीलच झक मारत.

"काहून बे, हे जागा तुह्या बापाले कायच्यासाठी देल्ली होती?" पाटील म्हणाला. "ढोरं ओढासाठी. काम सोडलं तं जागा सोड. उद्या पोरं पाठवून कुंपण घालतो. झाडासकट."

हे ऐकून उकंडाची बायको तुळसाबाई झोपडीच्या दारात येऊन उभी राहिली. नाल्याकाठच्या त्या चिंचोळ्या तुकड्यावर दुसरं होतं तरी काय? ही एक लिंबोणी. पुरुषभर उंच, अंगभर काटे, पण कागदी लिंबांनी लगडलेली. फुलसावंगीच्या बाजारात ती लिंबं जायची आणि त्यावर दोघांची चूल पेटायची. डॉक्टर म्हणावा तर पार पुसदला. त्यामुळे उलटी होवो, पित्त खवळो, पोट फुगो, गावातल्या बाया तुळसाबाईकडेच धावायच्या. ती लिंबं दगडावर ठेवून मागे सरायची. बाया वरून पाणी शिंपडायच्या आणि मग उचलायच्या. लिंबू चालत होतं, तिचा हात चालत नव्हता. काय म्हणावं या लोकांना! पाटलाच्या घरचं वर्षाचं लोणचंसुद्धा याच लिंबांचं. श्रावणी सोमवारच्या उपासालाही तेच.

पाटलाची खरी जळजळ मात्र वेगळीच होती. त्याच्या मळ्यात सोळा लिंबोण्या होत्या. त्यांना शेणखत घातलं, पेंड घातली, पुसदहून सरकारी खताची पोती आणली. फळ काय, तर बोराएवढं, आणि तेही पिकायच्या आधी गळणार. दहा वर्षं तो उकंडाला खोदून खोदून विचारत होता आणि उकंडा "मातीच चांगली हाय" म्हणून हसण्यावारी नेत होता. बैल मेला आणि पाटलाला आयतंच निमित्त सापडलं.

वारा फिरला. घाणीचा भपकारा इथपर्यंत आला. पाटलानं चटकन एक लिंबू तोडलं, नखानं साल खरडली आणि नाकाला लावून लांब श्वास घेतला.

उकंडाला त्या माणसाची अशी किळस आली की सांगता सोय नाही.

"पाटील, या झाडाले मी काय घालत होतो, सांगू?"

"अवो, नका बोलू!" तुळसाबाई ओरडली.

ती का अडवते हे त्याला कळत होतं. एकदा गावाला हे समजलं की या लिंबांना कुत्रंही विचारणार नव्हतं. झाड असून नसल्यासारखंच. पण न बोलता तरी काय राहणार होतं? एक तर झाड जाणार होतं, नाही तर ढोर ओढायची ती दोरी पुन्हा हातात येणार होती.

"तुमच्या गोठ्यातलं जे जे ढोर म्या ओढलं," तो म्हणाला, "त्याचं कातडं बाजारात गेलं. बाकी सारं इथं. रगत, आतडे, हाडं, खुरं. खड्डा करून मुळाशी दाबलं. तुमची कपिला गाय, जिची तुमी पूजा करत होते, तेबी इथंच हाय. सालोसाल लोणच्यातून तुमी तिलेच खाऊन राह्यले."

पाटील हातातल्या लिंबाकडे पाहतच राहिला. मग ते खाली पडलं आणि तो नाल्याकडे तोंड करून भडाभडा ओकला. सकाळचं सगळं बाहेर आलं. ओकून झाल्यावर तोंडही न पुसता तो निघून गेला.

"झालं!" तुळसाबाई म्हणाली. "आता गाव काठ्या घेऊन येते पाहा."

दोघं दिवसभर वाट पाहत बसली. कोणी आलं नाही. उलट दिवेलागणीला कुणाची तरी सून आली आणि नेहमीसारखं पाणी शिंपडून दोन लिंबं घेऊन गेली. म्हणजे पाटील कुणाजवळ एक अक्षर बोलला नव्हता. एवढा तोंडाळ माणूस, आणि गप्प! उकंडाला काही उमजेना.

सकाळी बैल जागेवर नव्हता. कुंपण घालायलाही कोणी फिरकलं नाही. चिखलात फरपटत नेल्याची रुंद खूण होती, तिच्यामागोमाग दोघं चालत गेली. खूण मेली ढोरं टाकायच्या जागेकडे वळली नव्हती. ती सरळ पाटलाच्या मळ्यात शिरली होती.

तिथं पाटील होता आणि त्याचे दोन घोड्यासारखे पोरगे. नाकातोंडाला फडकी बांधलेली, धोतरं वर खोचलेली, हाता-पायांवर बैलाचा सडका रस ओघळलेला. दोरी अजून पाटलाच्याच खांद्यावर होती. लिंबोणीच्या बुडाशी खोदकाम चाललं होतं. तुळसाबाई पचकन थुंकली.

पाटलानं मान वर केली, इकडेतिकडे कोणी नाही असं पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"खड्डा किती खोल करा लागते, उकंडाजी?"