विटकरी रंग

तानुबाईने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली काचेची नळी काढली आणि डॉक्टर लक्ष्मीकांतांच्या टेबलावर उभी धरली. आत नवऱ्याची लघवी होती, सकाळीच निळ्या औषधात उकळून विटेच्या रंगाची झालेली; लघवीत साखर असली की ते औषध असं लाल होतं. सुलतानपूरहून लोणारपर्यंत एसटीत तिने ती इतकी जपली होती, की कंडक्टरला वाटलं बाई तीर्थ घेऊन चालली आहे.

"हा घ्या पुरावा, डाक्टरसाहेब. हे चोरून गोड खातात."

तिचा नवरा पुंजाजी बाजूच्या बाकावर बसला होता. "मारोतीची आन, गुळाचा खडा नाही खाल्ला म्या," तो म्हणाला, पण जमिनीकडे बघत. जमिनीकडे बघून घेतलेली शपथ तानुबाईच्या लेखी कबुलीच होती.

तिने तपासात कसर ठेवली नव्हती. साखरेचा डबा शेजारी नेऊन ठेवला, चहाच्या हॉटेलवाल्याला दम दिला. नवऱ्याचा डोळा लागला की ती त्याच्या मिशांचा वास घेई. तंबाखूशिवाय काही सापडलं नाही. तरी दोन महिने नळी लालच होत होती आणि रोज सकाळी घरात कडाक्याचं भांडण होत होतं.

डॉक्टरांनी तिने आणलेली, रोजचा रंग लिहून ठेवायची वही उघडली. मध्येच आठ दिवस निळे-हिरवे, म्हणजे जवळपास साखर नसलेले होते. "हे कधीचे?"

"मी नांदुऱ्याले गेलती. भावाचे दिवस कराले." तिचा आवाज खाली आला. भावालाही साखरच होती. आधी अंगठा कापला, मग पाय, मग काही कापायला उरलंच नाही. "ते आठ दिवस खरे धरू नका. यायनंच लिहेल आहेत."

"खरे असतील," डॉक्टर म्हणाले. "साखर फक्त तोंडातून येत नाही, बाई. आपलं यकृतही ती रक्तात सोडतं. सोडायची की आवरायची, यात मेंदूचाही हात असतो. तिथे कणभर रसायनं तयार होतात, त्यांचे हुकूम सुटतात. माणूस धास्तावला, की काही न खाताही साखर चढते. परदेशात हे आत्ता कुठे उलगडतंय. मलाही पुरतं कळलेलं नाही." मग ते पुंजाजीकडे वळले. "तुम्हाला कसली धास्ती आहे?"

पुंजाजीने टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली.

"सकाळी हे बाई नळी उजेडात धरते ना," तो म्हणाला, "तवा मी नळीकडे पाहतच नाही. इच्या तोंडाकडे पाहतो. तिथं मले इचा भाऊ दिसते. मंग दिवसभर वाटत राह्यते, आता माहा पाय."

चोर पकडून द्यायला म्हणून तानुबाई आली होती, आणि इथे भलतंच निघालं. तिला या माणसाचा राग आला, मग दया आली, मग दोन्ही एकदमच आलं. तिने नवऱ्याच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं. दहाही बोटं जागेवर होती.

"पण डाक्टरसाहेब," ती हळूच म्हणाली, "भेव तं मले वाटून राह्यलं होतं. साखर यायले कशी चढली?"